हाकारीण हाक का मारते? पाण्याकाठचा तुमचा अनुभव लिहा

मंडळी,

सातखाडीचं काल्पनिक जग आपण सगळ्यांनी मिळून लिहायला घेतलं, त्याला हा तिसरा पावसाळा. दोन चंद्र ठरले. त्यामुळे भरतीची वेळ तिथं कुणालाच पाठ नसते, हेही ठरलं. सात खाड्यांची नावं ठरली. हाकारिणीबद्दल मात्र अजून एकच वाक्य पक्कं आहे: ती हाक मारते आणि होडी वळते. का मारते, ते ज्यानं त्यानं आपापल्या प्रकरणात वेगळं लिहिलंय. एकात भूक, एकात सूड, एकात एकटेपणा. सलग वाचलं की तीन निराळे प्राणी वाटतात.

ग्रीक पुराणातली, खलाशांना भुलवणारी सायरन समोर ठेवावी म्हटलं, तर तीही आपल्या डोळ्यांसमोर येते तशी नाही. जुन्या ग्रीक मडक्यांवर तिचं अंग पक्ष्याचं आणि तोंड बाईचं आहे. माशाची शेपटी तिला मध्ययुगात लागली. आणि खलाशांना ती रूपानं नाही, ज्ञानानं भुलवते. तुम्हाला ठाऊक नाही ते मी सांगते, असं म्हणते. ती त्यांच्या समुद्राची. आपली हाकारीण गोव्यात बसून लिहिली जातेय, तर तिची उपजत बुद्धी आपण बघितलेल्या पाण्यावरून ठरू दे. म्हणून हा धागा. स्वतः अनुभवलेलं लिहा. भुताखेताच्या ऐकीव गोष्टी नकोत. आणि शेवटी, त्यातलं हाकारिणीला काय द्याल तेवढं सांगा.

सुरुवात मीच करते. राहते रायबंदरला, पण माहेर डिचोलीकडचं, शेताला लागून. पहिला मोठा पाऊस पडला की त्या रात्री बेडकांचा इतका गजर की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. ओरडतो तो नर, अंगानं पिवळाजर्द झालेला, गळ्याशी दोन निळे फुगे. मादीनं यावं म्हणून ओरडतो, आणि त्याच आवाजाच्या रोखानं बॅटऱ्या घेतलेली माणसं येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बेडूक पकडायला बंदी आहे, तरी येतात. बाबा ओसरीवर बसून कुठला आवाज थांबला ते ओळखायचे. "हा गेला. तो आंब्याखालचा गेला." मी विचारायची, ते गप्प का बसत नाहीत? बॅटरी अगदी जवळ आली की बसायचेही. मिनिटभर. मग कुठूनतरी एक सुरू करायचा आणि बाकीच्यांना राहवायचं नाही.

आपल्या सगळ्या प्रकरणांत जिवाचा धोका फक्त होडीतल्या माणसांना आहे. मला तो हाकारिणीलाही हवा. हाक मारली की ती कुठे आहे ते कळतं, आणि हे तिला माहीत असतं.

काणकोणहून, शाळेत शिकवते

ताई, मी गालजीबागच्या किनाऱ्यावर दोन हंगाम रात्रीच्या राखणीला गेले आहे. सुरूच्या झाडांखाली सतरंजी टाकून बसायचं, दिवा लावायचा नाही, मोबाईल पालथा ठेवायचा. पहिल्या हंगामात सहा रात्री काहीच आलं नाही. सातव्या रात्री ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी आली. मागच्या पायांनी खड्डा केला, शंभराच्या आसपास अंडी घातली, सगळ्या अंगानं वाळू थापली आणि मागे वळून न बघता गेली. तिला कुणी शिकवलेलं नाही. ही कासवं जन्मली त्याच किनाऱ्याच्या आसपास अंडी घालायला परत येतात.

पण मला सांगायचं आहे ते पिल्लांचं. साधारण दीड-दोन महिन्यांनी ती रात्रीची बाहेर पडतात. जमिनीपेक्षा समुद्राच्या बाजूचं आभाळ उजळ असतं, त्या उजेडाकडे धावतात. एका रात्री, कुंपणाबाहेर राहून गेलेल्या एका घरट्यातली पिल्लं समुद्राकडे न जाता उलट निघाली. वरच्या बाजूला एका खाणावळीचा पिवळा दिवा होता. आम्ही तो विझवायला लावला, पिल्लं बादलीत घेतली, ओल्या वाळूवर आणून सोडली. त्यातलं एक माझ्या तळहातावर होतं. मी हात समुद्राकडे वळवला की ते दिव्याच्या दिशेनं फिरायचं. दिवा विझला होता तरी.

ते मी अजून विसरलेली नाही. हाकारिणीला मी हे देईन: तिला दिव्याची भूल पडते. होडीवाल्यांना वाटतं ती त्यांना ओढतेय, आणि ती बिचारी त्यांच्या कंदिलामागे आलेली असते. माझ्या प्रकरणात मी तिला सूड घेणारी केलं होतं. ते प्रकरण मी मागे घेते.

खारवी घरातला, आता पणजीत नोकरी

आमची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. आजोबांबरोबर मी लहान होडीतून जायचो. इंजिन नव्हतं, म्हणून ऐकू यायचं. ते वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवून दांडा कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मलाही ऐकवायचे. पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं. टक-टक-टक. लांबच्या घराचं दार कुणीतरी न थांबता वाजवतंय तसं. आजोबा म्हणाले, ढोमे.

ढोमा हा मासा. त्याला गळा नाही. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिला लागलेले स्नायू तो थरथरवतो, तोच आवाज. विणीच्या दिवसांत हजारो मासे एकत्र वाजवतात. आपल्या इथं ग्रान्दे बेटाजवळ पाण्याखाली माइक सोडून माशांचे असे सामूहिक आवाज नोंदलेले आहेत, तेव्हा ही म्हाताऱ्याची कल्पना नव्हे. तो आवाज लाकडाला आधी कळतो, कानाला नंतर. आजोबांनी एकदा कबूल केलं होतं, "हात जाळ्याकडे जातो, पण कान सोडवत नाही."

म्हणून माझी विनंती: हाकारिणीला गोड गळा देऊ नका. तिची हाक पोटातली असू दे. आधी होडीची फळी थरथरते, मग माणसाची बरगडी, आणि कानाला कळेपर्यंत सुकाणू फिरलेलं असतं. आणि ती बारमाही गाणारी नको. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते ती माशांच्या विणीसाठीच. हाकारिणीचेही तसे दिवस असावेत. त्याबाहेर ती मुकी. तिच्या अंगावरून होडी नेली तरी बघणारसुद्धा नाही.

फोंडा

दादांनी लिहिलेलं वाचून मी रडले, म्हणून लिहितेय. मला सहाव्या वर्षापासून ऐकू फार कमी येतं. आपल्या पहिल्याच प्रकरणात एक बहिरा खलाशी आहे आणि त्याला काही होत नाही, तो सगळ्यांना वाचवतो. ते लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण ते खरं नाही.

शिगम्यात रोमटामेळ समोरून जातो तेव्हा मी यंत्र काढून ठेवते. ढोल आणि ताशे मला छातीत, दातांत, चपलेच्या तळव्यात लागतात. घरी मामा घुमट वाजवायचे. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. त्या उघड्या तोंडावर तळवा दाबून-सोडून आवाज खालीवर करतात. मी लहानपणी त्या तोंडापाशी तळहात धरायची. हवा हाताला ढकलायची. ते माझं ऐकणं. ढोम्याच्या पोटातही तेच मडकं आहे, हे आज कळलं.

तेव्हा बहिऱ्या खलाशाला सुटका देऊ नका. उलट त्याला ती हाक सगळ्यांच्या आधी कळते, कारण तो कानाची वाट बघत नाही. आणि तो बाकीच्यांना सांगायला जातो तर कुणी त्याचं ऐकत नाही. हे मी अनुभवलेलं आहे, समुद्रावर नाही, घरात.

दुर्भाटचा

मी जरा वेगळं म्हणतो. सगळेजण तिला हळवी करत चाललेत. भूक काढून टाकू नका.

आमच्याकडे पौषात अमावास्येला मानगे थापणी असते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, चिखलातून मगर थापायची, अंगावर शिंपल्यांचे खवले, काटक्यांचे दात. मी दरवर्षी शेपटी थापायचो, आमच्या वाड्यातल्या मुलांकडे शेपटीच असायची. मगर खरीच आहे बरं का, कुंभारजुव्याच्या कालव्यात उन्हाला पडलेली दिसते. तिची पूजा का? तर बांध सांभाळ म्हणून. बांध फुटला तर खारं पाणी शेतात येतं आणि ते शेत पुढची काही वर्षं पीक देत नाही. तिला कुणी गोड समजत नाही. दात असलेलीच थापतात.

आणि मानस बघा. बांधातलं लाकडी दार, भरतीच्या दाबानं आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. रात्री ओहोटीला त्याच्या तोंडाशी जाळं लावलं की मासे पाण्याबरोबर येऊन पडतात. धावायचं कारण नाही. मी काकांबरोबर कितीदा तिथं कंदील घेऊन बसलोय. हाकारीण तशी बसते. पाणी जिथं अरुंद होतं तिथं, पाणी फिरायची वेळ धरून. खाते ती भूक लागली म्हणून. पण तिच्या खाडीचा बांध तीच राखते, त्यामुळे लोक तिला मारत नाहीत, वर्षातून एकदा तिच्यासाठी काहीतरी ठेवून जातात. सातखाडीत हा करार कुणीतरी लिहा. मी लिहीन म्हणतो.

सासष्टीतून, थोडक्यात

बेतालभाटीला थंडीत एकदा निळ्या लाटा बघितल्या. पाण्यात पाय टाकला की पायाभोवती उजेड. बायकोला वाटलं समुद्र आपल्याला बोलावतोय. तो नॉक्टिलुका नावाचा एकपेशी जीव, धक्का बसला की चमकतो. बोलावणं नव्हतं, दचकणं होतं. हाकारिणीचं अंग उजळतं ते असंच असावं, आणि पाहणाऱ्यांनी त्याचा अर्थ दर वेळी चुकीचा लावावा.

कुर्डीच्या माणसांची मुलगी

माझ्या आईचं गाव कुर्डी. ऐंशीच्या दशकात साळावली धरणाच्या पाण्यात गेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली जन्मल्या ते हेच गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की ते वर येतं. भेगाळलेला चिखल, वठलेले बुंधे, घरांचे चौथरे, आणि सोमेश्वराचं देऊळ. विखुरलेली माणसं त्या दिवसांत तिथं जमतात, पूजा करतात, जेवतात.

आई सत्तरीची आहे. रस्त्यावरून चालताना माझा हात धरते. तिथं गाडीतून उतरली की हात सोडते. कसलीही खूण नसलेल्या चिखलातून सरळ चालत जाते आणि एका जागी थांबून सांगते, "ही न्हाणी." दोन पावलं पुढे, "इथं आजी बसायची." मी एकदा मुद्दाम तिला देवळाच्या दुसऱ्या बाजूनं नेलं, चुकते का बघायला. चुकली नाही. त्याची मला नंतर लाज वाटली.

मग ती आजीला हाक मारते. एकदाच, मोठ्यांदा, जेवायला बोलावल्यासारखी. उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक आहे, ती भ्रमिष्ट नाही. मी विचारलं तर म्हणाली, "इथं आल्यावर हाक मारली नाही तर आल्यासारखं वाटत नाही."

फोंड्याजवळच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीवरून सूर्यमालेच्या बाहेर निघाली. कुणी ऐकेल की नाही, हे न विचारता पाठवलेला आवाज. आईची हाक ऐकली की मला तीच आठवते. तेव्हा भूक असू दे, वीण असू दे, पण एक हाकारीण अशी हवी की जिची खाडी आटलीय, होड्या येत नाहीत, आणि पाणी फिरायच्या वेळी ती तरीही हाक मारते.

मांद्रे

मी एकोणीस वर्षांचा होतो. चौघे मित्र पोहायला गेलो होतो. लाटा दोन्हीकडे फुटत होत्या आणि मध्ये एक पट्टा शांत होता, जरा गडद. आम्हाला वाटलं तीच सुरक्षित जागा. आता माहीत आहे की किनाऱ्याला आलेलं पाणी तिथूनच आत परत जातं, म्हणून तिथं लाट फुटत नाही. मी त्या पट्ट्यात शिरलो आणि दोन मिनिटांत पाय टेकेना.

किनाऱ्यावरून मित्र ओरडत होता, "इकडे ये! सरळ ये! माझ्याकडे बघ!" मी त्याच्याकडे बघून सरळ पोहत राहिलो. सगळा जोर लावूनही अंतर तेवढंच. त्याचा आवाज रडका झाला तसा मी आणखी जोर लावला. पाणी नाकात गेलं. तेवढ्यात उजवीकडे वाळूवर जाळं वाळत घालणारा एक म्हातारा दिसला. तो ओरडत नव्हता. हात लांब करून फक्त बाजूला दाखवत होता. बाजूला, बाजूला. का कोण जाणे, मी मित्राकडची नजर काढली आणि किनाऱ्याला समांतर वळलो. वीस-पंचवीस हात गेल्यावर लाटेनं मला स्वतःच उचलून वाळूवर टाकलं.

म्हाताऱ्याजवळ गेलो तोवर तो परत जाळ्याला लागला होता. मान हलवली, एवढंच.

माझी हाकारीण शांत पाण्यात असते आणि तिचा आवाज ओळखीचा असतो. तिला होडी बुडवायची नसते. घाबरलेली असते, रडत असते, आणि मनापासून जवळ बोलावते.

त्या मित्राशी मी हे कधी बोललो नाही. आजही आम्ही समुद्रावर जातो. मी पाण्यात असलो की तो तोंडानं काही म्हणत नाही. वाळूवर उभा राहतो आणि हातानं खूण करतो.