मदत हवी आहे: टेंडरच्या टेक्निकलमध्येच बाद केलंय, हायकोर्टात जावं का?

नमस्कार मंडळी, मेव्हण्याने डांबरीकरणाचं एक टेंडर भरलं होतं महाटेंडर्सवर (राज्य सरकारचं ई-टेंडर पोर्टल), तर टेक्निकल लिफाफ्यातच (दर उघडण्याआधीची कागदपत्रांची तपासणी) बाद, कारण काय तर हॉटमिक्स प्लांटच्या भाडेकराराच्या एका पानावर सही राहिली. बरं, दुसऱ्याचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट (आर्थिक ऐपतीचा दाखला) जुनं होतं, त्याला मात्र फोन करून नवीन मागवून घेतलं! आता त्याचाच दर उघडलाय आणि वर्क ऑर्डर कधीही निघेल.

वकील म्हणतात घटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात रिट टाकू, सुप्रीम कोर्टाच्या टाटा सेल्युलर निकालापासून (1994) कोर्ट निर्णय नाही तर प्रक्रिया बघतं, आणि एकाला सवलत दुसऱ्याला नाही हा मुद्दा दमदार आहे. पण 2022 च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अशा कामांना शक्यतो स्टे देऊ नका, फार तर नुकसानभरपाई. मग स्टे नाही मिळाला तर निकाल लागेपर्यंत रस्ता होऊन त्यावर खड्डेही पडलेले असतील 😅

कुणी असं रिट केलंय का? आधी लेखी हरकत देऊन उत्तराची वाट बघावी की थेट जावं? त्याच ऑफिसात जुनी बिलं अडकलीत, खरी भीती तीच आहे.