मदत हवी आहे: गाडीचं मागचं डावं दार लॉकमध्येच अडकलंय, पॅड न कापता उघडेल का?

वाशिष्ठीकाठ:

मंडळी, गाडीचं मागचं डावं दार बंद असतानाच लॉक होऊन बसलंय. बाहेरून उघडत नाही, आतूनही नाही. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि आम्ही चिपळूणला राहतो. इथल्या दोघा मेस्त्रींना दाखवलं. एक म्हणाले, दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, म्हणजे पॅड, कापावं लागेल. दुसरे म्हणाले, बाहेरून पत्र्याला भोक पाडून दांडी ओढू. दोन्ही नको वाटतंय, म्हणून इथे विचारते आहे.

घाई आहे ती आईसाठी. तिला डायलिसिसला न्यावं लागतं आणि व्हीलचेअर गाडीला लावायची तर डाव्याच बाजूला, रस्त्याच्या कडेला. उजव्या दाराने उतरवायचं म्हणजे एकीकडून ट्रक जाताहेत आणि दुसरीकडे मी तिला धरून उभी. शिवाय कधी गाडीतून पटकन बाहेर पडायची वेळ आली, तर ती ज्या बाजूला बसते तेच दार बंद आहे, या विचाराने गाडी चालवताना मन थाऱ्यावर राहत नाही.

आता लक्षणं सांगते. रिमोट दाबला की बाकीच्या तीन दारांच्या खिट्ट्या (काचेखालच्या कडेला लॉकच्या असतात त्या) व्यवस्थित वर येतात. या दारात बारीकसा ‘टक’ आवाज होतो, पण खिट्टी खालीच राहते. बोटाने वर ओढली तर जराशी येते आणि स्प्रिंग असल्यासारखी परत खाली जाते. बाहेरचं हँडल पूर्वीइतकंच ताठ आहे, लुळं पडलेलं नाही. आतल्या हँडलचा उपयोग नाही, कारण भाचा मागे बसतो म्हणून त्या दाराचं चाइल्ड लॉक लावलेलं आहे, आणि ते काढायची कळ दाराच्या कडेला, म्हणजे दार उघडल्याशिवाय दिसणारही नाही. काच मात्र वर-खाली होते.

एक गोष्ट महत्त्वाची असू शकेल. २२ जुलै २०२१ च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. नंतर साफसफाई झाली, चारही दारांच्या लॉकच्या मोटर बदलल्या (कंपनीच्या नाहीत, बाजारात सेट मिळतो तो). तेव्हापासून हे दार पावसाळ्यात थोडं जड लागायचं, पण उघडायचं.

काहीही न तोडता उघडायचा मार्ग कुणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर लिहा. मी ते मेस्त्रींना वाचून दाखवेन.

दहाचा पाना:

ताई, लक्षणं नीट लिहिलीत त्यामुळे निम्मं काम सोपं झालं. आधी एक करा, बाहेरचं हँडल जोर लावून ओढणं पूर्ण बंद करा. त्याच्या आतली टाचणी प्लास्टिकची असते. ती मोडली की मग खरोखर पत्रा फाडायची वेळ येते.

दाराच्या कडेला आत लॉकची एक डबी असते, तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक खटका, म्हणजे गाडीच्या खांबावर जो जाड लोखंडी यू असतो त्याला धरणारा पंजा आणि तो पंजा सुटू न देणारी अडकण. दुसरं लॉक, म्हणजे त्याच डबीतली एक छोटी पट्टी. ती लॉकच्या जागी असली की हँडल आणि अडकण यांचा संबंध तुटतो. हँडल ओढलं जातं, पण त्याची ओढ अडकणीपर्यंत पोचतच नाही. तुमचं हँडल ताठ आहे याचा अर्थ त्याची दांडी जागेवर आहे. खिट्टी वर येत नाही याचा अर्थ लॉकची पट्टी हलत नाही. म्हणजे दोष लॉकमध्ये आहे, खटक्यात नाही. ही चांगली बातमी आहे, कारण खिट्टी एकदा वर आली की दार बाहेरून सरळ उघडेल.

आता खिट्टी का येत नाही? पुराचा गाळ. वाशिष्ठी नदीचा गाळ पिठासारखा बारीक असतो. तो लॉकच्या डबीतल्या ग्रीसमध्ये मिसळला की वाळल्यावर त्याचा लगदा घट्ट होतो. वरून धुतलेल्या दारात तो दिसत नाही.

करून पाहा: गाडी चालू ठेवा. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास देते, चालू असताना चौदाच्या जवळ, आणि अशा छोट्या मोटरला तेवढा फरकही पुरतो. काच पूर्ण खाली घ्या. एकाने आत हात घालून खिट्टी दोन बोटांनी वर ओढून धरायची, दुसऱ्याने त्याच वेळी रिमोटने अनलॉक करायचं. मग लॉक, मग पुन्हा अनलॉक. हाताचा आणि मोटरचा जोर एकाच क्षणी लागला पाहिजे. त्याआधी डब्ल्यूडी-४० या गंज सोडवणाऱ्या स्प्रेच्या डब्याची बारीक नळी खिट्टीच्या भोकातून आत घालून दांडीवरून स्प्रे सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दार आणि खांब यांच्या फटीतूनही खटक्याच्या उंचीला मारा. दांडीवरून ओघळून ते डबीपर्यंत जातं.

वायरिंगवाला:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक भर घालतो. रिमोट सारखा-सारखा दाबत बसू नका. या मोटरला करंट एका सेकंदाहून कमी वेळ मिळतो, ती तेवढ्यासाठीच बनवलेली असते. अडकलेल्या मोटरला लागोपाठ झटके दिले की ती तापते. चार-पाचदा दाबलंत की थोडं थांबा.

‘टक’ आवाज येतोय म्हणजे तार तुटलेली नाही. दार आणि खांबाच्या मधे रबराची नागमोडी नळी असते, तिच्यातल्या तारा दार उघड-बंद होऊन तुटतात, आणि लॉकच्या बऱ्याच तक्रारी तिथल्याच असतात. तुमची ती नाही.

मला वेगळी शंका आहे. बाजारातली मोटर बसवली आहे म्हणालात. कंपनीच्या बऱ्याच लॉकमध्ये मोटर डबीच्या आतच असते. बाजारातली मोटर मात्र बाहेर, दाराच्या आतल्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसते आणि तिची स्वतंत्र सळई एका छोट्या क्लॅम्पने खिट्टीच्या दांडीला जोडतात. ड्रायव्हरच्या दाराच्या मोटरला पाच तारा, मागच्या दारांच्या मोटरला दोनच. त्या दोन तारांत धन-ऋण उलटसुलट करून ती पुढे-मागे होते. आतले दात प्लास्टिकचे. एखादा दात तुटून मधे अडकला, किंवा सळई वाकली, की मोटरच खिट्टीला खाली धरून ठेवते. तुम्ही खिट्टी ओढता तेव्हा ती स्प्रिंगसारखी परत जाते हे वर्णन मला त्याचंच वाटतं. नुसता गाळ असता तर खिट्टी जिथे ओढली तिथेच रुतली असती, परत गेली नसती.

तसं असेल तर क्लॅम्पचा एक स्क्रू ढिला केला की काम झालं.

वाशिष्ठीकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी गाडी चालू करून भावाने खिट्टी धरली आणि मी रिमोट दाबला. पूर्वीपेक्षा अर्ध्या बोटाएवढी जास्त वर येते आहे, पण शेवटी परत खालीच. ते परत जाणं मात्र अगदी तुम्ही लिहिलंय तसंच आहे.

मग प्रश्न असा की त्या क्लॅम्पपर्यंत पोचायचं कसं? मेस्त्री म्हणतात, दार बंद असताना पॅडच्या कडेच्या क्लिपा निघतच नाहीत. यूट्यूबवर एक जण काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी आत घालतो, तसं करू का?

आकाशकंदील:

पट्टी नको! काचेच्या रबरी बीडिंगची वाट लागते, आणि आत तारा, काचेची यंत्रणा, दारातली आडवी मजबुतीची पट्टी हे सगळं असतं. बाहेरून आंधळेपणाने काही ओढलं तर काचही बंद पडेल. वडिलांच्या गाडीत हे झालेलं पाहिलंय.

दहाचा पाना:

पट्टीला माझाही ठाम नकार. बंद दारातही पॅड निघतं, पण वेळ द्यावा लागतो, आणि मेस्त्रींना तेवढा वेळ परवडत नाही म्हणून ते कापायचं म्हणतात. त्यांना दोष देत नाही, गिऱ्हाईकही एका तासात गाडी मागतं.

पद्धत सांगतो. आधी बॅटरीची ऋण तार काढा. (तुमच्या गाडीला लागू नसेल, पण नव्या गाड्यांत काहींच्या पुढच्या दारांत एअरबॅगचा सेन्सर असतो, म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांनीच ही सवय ठेवावी.) काच त्याआधी पूर्ण वर करून ठेवा. काच खाली असली की ती दाराच्या पोटात मधे येते आणि हात घालायला जागा राहत नाही.

मागच्या सीटची बसायची गादी काढा. बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढची कड दोन्ही टोकांना जोरात वर उचलली की ती सुटते. पुढची सीट शक्य तितकी पुढे सरकवा. आता पॅडच्या खालच्या भागापर्यंत जागा मिळेल. दाराच्या चौकटीभोवतीचं रबर गाडीच्या बाजूने हाताने ओढून काढा, ते नुसतं दाबून बसवलेलं असतं. खांबावरचं प्लास्टिकचं आवरण थोडं सैल केलं की पॅडची कड मोकळी दिसते.

पॅडचे स्क्रू शोधा: एक आतल्या हँडलच्या वाटीत, एक-दोन दार ओढून लावायच्या मुठीत, झाकणाखाली लपलेले. काचेच्या बटणांची पट्टी वर उचलून तिचा सॉकेट काढा. मग खालच्या कडेत रुंद प्लास्टिकची पट्टी सरकवून क्लिपा एकेक करून उचला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरू नका, पॅडला खड्डे पडतात. एक-दोन क्लिपा तुटतील, त्या स्वस्त मिळतात. खालची आणि मागची कड सुटली की पॅड हातभर वाकतं. पूर्ण काढायची गरजच नाही. आत काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा कागद असेल, तो फाडू नका, कोपऱ्यापासून सावकाश सोलून काढा. पावसाचं पाणी गाडीत येऊ न देणारा तोच असतो. मागच्या कोपऱ्यात हात घातलात की मोटर आणि सळई हाताला लागेल.

वायरिंगवाला:

हेच. आणि क्लॅम्प सोडताना खिट्टीच्या दांडीला हात लावू नका, फक्त मोटरची सळई वेगळी करा. दांडी निसटली तर तिची प्लास्टिकची क्लिप आत पडते आणि मग शोधाशोध.

वाशिष्ठीकाठ:

दार उघडलं!

मेस्त्रींना हा सगळा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी दुपारी गर्दी नसताना गाडी आणायला सांगितलं आणि खरोखर शांतपणे काम केलं. गादी काढली, रबर ओढलं, क्लिपा सोडल्या, कागद सोलला. मोटरची सळई मधोमध वाकून पत्र्याच्या कडेला टेकली होती. क्लॅम्पचा स्क्रू गंजला होता, त्यावर स्प्रे मारून थांबावं लागलं. तो सुटल्याबरोबर खिट्टी आपोआप वर आली आणि बाहेरच्या हँडलने दार पहिल्या ओढीत उघडलं. पॅडला ओरखडाही नाही. आई सोबतच होती, तिला लगेच त्या दाराने बसवून घरी आणलं. तुम्हा तिघांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

मोटर उघडून पाहिली तर दारात उरलेला गाळ आत शिरून त्याचा थर बसलेला आणि दोन दात तुटलेले. लॉकच्या डबीत गाळ आणि ग्रीसचा काळा लगदा. दाराच्या तळाशी वाळलेली माती बोटभर साठलेली.

आता पुढचं विचारते. बाकीच्या तीन दारांतही हेच असणार. ती अडकायच्या आधी काय करून घेऊ? आणि चाइल्ड लॉक पुन्हा लावू का?

दहाचा पाना:

अभिनंदन ताई, आणि मेस्त्रींनाही माझा नमस्कार सांगा.

तिन्ही दारं आत्ताच करून घ्या. उघड्या दाराचं पॅड काढणं अर्ध्या तासाचं काम. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. काचेच्या कडेने पावसाचं पाणी आत येतच असतं, ते तिथूनच बाहेर जायला हवं. ती गाळाने बुजली की पाणी आत साचतं. बारीक तारेने मोकळी करा, आतून स्वच्छ पाणी सोडून ते खालून येतं का पाहा. डबी स्प्रेने धुऊन लगदा पूर्ण काढा, वाळू द्या, मग पांढरं लिथियम ग्रीस लावा. नुसत्या डब्ल्यूडी-४० वर सोडू नका, तो साफ करतो पण वंगण म्हणून टिकत नाही.

ज्या दाराने आई बसते त्याचं चाइल्ड लॉक काढूनच ठेवा, भाच्याला उजवीकडे बसवा आणि तिकडचं लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: काम झाल्यावर दार लगेच लावायचं नाही. दार उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरने खटक्याचा पंजा बंद स्थितीत ढकला, दोनदा ‘कट’ आवाज येईल. मग रिमोटने लॉक, अनलॉक, बाहेरचं हँडल, आतलं हँडल, सगळं तपासा. पंजा प्रत्येक वेळी सुटला तरच दार लावा.

वाशिष्ठीकाठ:

दुरुस्त केलेल्या दारावर हे आत्ताच अंगणात करून पाहिलं. मोटर अजून बसवलेली नाही, त्यामुळे खिट्टी हातानेच वर-खाली केली. बाहेरच्या हँडलने पंजा दर वेळी सुटतो. आतल्या हँडलने कधी सुटतो, कधी नाही, आणि ते ओढताना शेवटी सैल लागतं. चाइल्ड लॉक काढलेलं आहे. आतल्या हँडलपासून डबीपर्यंत जाणारी केबल ताणली असेल का? उद्या पॅड पुन्हा सैल करून केबलचा फोटो टाकते. तोवर आईला सांगून ठेवलंय, दार बाहेरून मीच उघडणार.

वायरिंगवाला:

केबलच्या टोकाला हँडलपाशी प्लास्टिकची खाच असते, केबलचं बाहेरचं आवरण त्या खाचेतून निसटलं की असंच होतं. फोटो हँडलच्या मागच्या बाजूचा काढा, डबीकडचा नको.