मैत्रिणीबरोबर धर्मशिक्षणाच्या तासाला मुलीला बसू द्यावे का?

भुसावळची एक आई : माझी मुलगी येथील एका कॅथलिक शाळेत तिसरीत आहे. आठवड्यातून दोन तास कॅथलिक मुले धर्मशिक्षणासाठी शेजारच्या खोलीत जातात आणि उरलेल्यांना मूल्यशिक्षण असते. तिच्या बाकावरची मैत्रीण यंदा प्रथम कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीची, तयारी करत असल्यामुळे आमच्या घरी रोज त्या दिवशी घालायच्या पांढऱ्या फ्रॉकचा विषय निघतो, आणि आता ‘मीही त्याच खोलीत बसणार’ असा हिचा हट्ट आहे. बाईंनी ‘तुम्ही लेखी द्या, मग बघू’ असे सांगितले. आमच्या घरी श्रावणात कानबाई ही खानदेशातली देवी बसते, तिच्या नैवेद्याचे रोट होतात; सासूबाईंना हे कसे समजावू, हा प्रश्न आहेच, पण मला स्वतःलाही काही ठरवता येईना.

एक वकील, जळगाव : बाईंनी लेखी मागितले, हे योग्यच झाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क आहे. मात्र अनुच्छेद २८(३) असे सांगतो की, शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर त्यासाठी पालकाची संमती लागते. त्यामुळे संमती द्यायची की नाही, हे सर्वस्वी तुमच्या हाती आहे. धर्मांची ओळख करून देणे आणि एका धर्माची उपासना शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात मान्य केला आहे. शेजारच्या खोलीत यांपैकी नेमके काय चालते, ते आधी विचारून घ्या.

कॅथलिक पालक, भुसावळ : ताई, माझा मुलगा गेल्याच वर्षी त्या तयारीतून गेला, म्हणून लिहितो. त्या खोलीत बसल्याने कोणी कॅथलिक होत नाही, आणि बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा दीक्षाविधी) न झालेल्या मुलाला कम्युनियन दिले जात नाही. पूर्वी बऱ्याच ठिकाणी मुले दहा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबावे लागे. पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये ही अट साधारण सात वर्षांवर आणली, आणि तीही ‘हा प्रसाद नेहमीच्या भाकरीसारखा नाही’ एवढे मुलाला उमगते, असे दिसले तरच. म्हणून तयारीच्या वर्षी पाठांतराबरोबर पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपल्या चुकांची कबुली देणेही असते, आणि ते तुमच्या मुलीकडून करवून घेण्याचे काहीच कारण नाही. खरे तर आमच्या मुलांसाठीही शाळेचा तास पुरेसा नसतो. मुलांचे पहिले शिक्षक आईवडीलच, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात म्हटले आहे. आम्ही मात्र तो भार निवांतपणे सिस्टरांवर टाकून मोकळे होतो.

निवृत्त शिक्षिका, चाळीसगाव : मी कॅथलिक नाही, तरी अशाच एका शाळेत मी अनेक वर्षे प्राथमिकला शिकवले. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी बायबलमधील जक्कयाची गोष्ट सांगत असे : येशू गावातून जाताना दिसावा म्हणून हा बुटका जकातदार उंबराच्या झाडावर चढतो आणि येशू नेमका त्याच्याच घरी उतरतो. आपल्याकडील मुलांना उंबर दाखवावा लागत नाही. जकातदारावर लोकांचा राग का होता, हे मात्र नीट सांगावे लागे. अशी गोष्ट सर्व मुलांनी ऐकावी. प्रार्थना तोंडपाठ करवून घेणे आणि वेदीसमोर कसे उभे राहायचे याचा सराव हा भाग मात्र त्या घरच्या मुलांचाच आहे. माझ्या मते तुम्ही तयारीच्या तासाला संमती देऊ नये. त्याऐवजी मैत्रिणीच्या आईशी बोलून कम्युनियनच्या दिवशी मुलीला चर्चमध्ये पाहुणी म्हणून घेऊन जावे. मैत्रिणीलाही कानबाईच्या रोटांना बोलवा.

भुसावळची एक आई : आज बाईंना भेटले. गोष्टींचा आणि तयारीचा तास वेगवेगळ्या दिवशी असल्यामुळे फक्त गोष्टींच्या तासापुरती संमती लिहून दिली. पांढऱ्या फ्रॉकचा हट्ट मात्र अजून सुटलेला नाही.