अनुभव धागा: ओटीपी सांगितला की सिलिंडर आपला

सांगलीकर
आज दारात सिलिंडर उतरला, टोपणाची दोरी लोंबकळताना दिसली आणि आजीचं स्वयंपाकघर आठवलं. टोपण लावल्याशिवाय तिथे टाकी जागची हलत नसे.
ओटीपी सांगणं म्हणजे माल बघून घेतला अशी कबुली, म्हणून तो सगळ्यात शेवटी. आधी सील. मग वजन: वरच्या कड्याखालच्या उभ्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं, त्यात आतल्या गॅसचे १४.२ किलो मिळवा. १५.३ लिहिलं असेल तर काट्यावर २९.५ किलो भरायला हवं. तिथेच तपासणीची मुदत असते. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. ‘बी २८’ म्हणजे जून २०२८ अखेर. उलटून गेली असेल तर टाकी परत करा.
तुम्ही काय काय बघता?

मीनल_ठाणे
काटा मागायला संकोच वाटतो हो, तो माणूस चार जिने चढून आलेला असतो.

फिटरकाका
ताई, मागा. काटा बरोबर ठेवायचाच असतो. आणि टोपण काढल्यावर व्हॉल्व्हमध्ये डोकावा. काळी रबरी रिंग दिसली पाहिजे. ती नसली किंवा चिरलेली असली तर रेग्युलेटर ‘टक्’ करून बसतो आणि तरी गॅस झिरपतो. बसवल्यावर साबणाचा फेस लावा, बुडबुडा फुगला की गळती. काडी ओढून बघणारे अजून आहेत, कृपा करून नको.

पोळीभाजी_केंद्र
कामाच्या ठिकाणी १९ किलोच्या टाक्या. तिथे ‘कोणीतरी बंद करेल’ हाच धोका. रात्री बंद करणाऱ्याचं नाव फळ्यावर, रोज एकच नाव. क्रमही ठरलेला: आधी टाकी बंद, नळीतला गॅस जळून ज्योत विझू द्यायची, मग शेगडीची कळ. उलटं केलं तर रात्रभर नळीत गॅस कोंडलेला राहतो.

मीनल_ठाणे
हे घरीही करता येईल! आमच्याकडे रेग्युलेटर फक्त गावाला जाताना बंद होतो 🙈

विदर्भकन्या
नळीचं कोणी बोललं नाही. केशरी, आतून तार असलेली सुरक्षा नळीच घ्या, पाच वर्षांनी बदला, तारीख नळीवरच छापलेली असते. दीड मीटरहून लांब नको, ओट्याच्या कपाटातून भोक पाडून नेलेली तर नकोच. उंदरानं कुरतडली तरी दिसत नाही.

जोशीकाकू
उंदरांवर काही उपाय आहे का? पिंजरा झाला, गोळ्या झाल्या.

फिटरकाका
काकू, सिलिंडरमागे पिशव्या साठवू नका, निम्मे कमी होतील.
वास आला तर: देवघरातली निरांजन, उदबत्ती आधी विझवा. रेग्युलेटर बंद करून काढा, टोपण घट्ट, खिडक्या-दारं उघडी. दिव्याचं बटण चालूही नको, बंदही नको, ठिणगी दोन्ही वेळा पडते. फ्रिज तर आपणहून चालू होतो, म्हणून मेन स्विच घराबाहेर असेल तर तिथूनच पाडा. मग बाहेर जाऊन १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन.

मीनल_ठाणे
एक्झॉस्ट फॅन?

फिटरकाका
तोही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, फरशीलगत पसरतो. दाराच्या दिशेनं केरसुणीनं झाडल्यासारखा हलतो.

डोंबिवली_वेस्ट
आमच्याकडे पाइपचा गॅस.

विदर्भकन्या
तो हलका, वर चढतो. वरची जाळी पुठ्ठ्यानं बुजवली असेल तर आज काढा.

जोशीकाकू
पिशव्या काढल्या. सतरा निघाल्या.