शब्दचर्चा : विश्वप्रसरणाचा ‘वेग’ की ‘दर’?

प्रश्न (शिक्षिका, दारव्हा तालुका) :
शाळेत विज्ञान दिनाचा तक्ता सुरू आहे. पुस्तकातून पोरांनी उतरवलं, ‘विश्वप्रसरणाचा वेग सेकंदाला ७३ किलोमीटर’. आठवीतली एक पोरगी म्हणे, “मॅडम, म्हणजे साऱ्या दीर्घिका एकाच वेगानं पळून राह्यल्या का?” इथे वेग बरोबर की दर? आणि दीर्घिकेला, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहाला, सरसकट आकाशगंगा म्हटलं तर चालेल का?

उत्तर (मेहकरहून) :
ताई, पोरीनं नेमकी नस पकडली. दरच लिहा. ‘दर’मध्ये ‘प्रत्येकी’ आधीच बसलेला आहे: दरमहा, दरसाल, दरएकरी. कापसाचा दर म्हटला की तो क्विंटलमागे असतो, चुकारा किती मिळेल ते माल किती आणला त्यावर. इथला ७३ हा आकडाही दर मेगापार्सेकमागे आहे, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे. तेवढ्या अंतरावरची दीर्घिका सेकंदाला ७३ किलोमीटरनं दूर जाते, दहापट लांबची ७३० नं. वेग जिचा तिचा, दर सगळ्यांना एक. फक्त शेजारच्या देवयानीला हा हिशोब लावू नका. २५ लाख प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका गुरुत्वाकर्षणामुळे उलट आपल्याकडेच येते आहे.

वेग काढणं त्या मानानं सोपं. वर्णपटातल्या ओळखीच्या रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या ते पाहायचं. सगळं घोडं अडतं ते अंतरापाशी. १९१२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविट यांनी लहान मॅगेलनिक मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या २५ रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांवरून दाखवलं की ज्याचं तेज सावकाश कमीजास्त होतं, तो तारा मुळातच अधिक तेजस्वी असतो. आवर्तनकाळ मोजला की खरं तेज कळतं. ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहा: तसाच दुसरा तारा चौपट फिका दिसला तर तो दुप्पट लांब. हे तारे दिसेनासे होतात तिथून पुढे एक-ए प्रकारचे अतिदीप्त नवतारे, म्हणजे स्फोट होऊन झगमगणारे तारे, कामाला येतात, पण त्यांचं खरं तेज आधी याच ताऱ्यांवरून ठरवावं लागतं. एक पायरी हलली की वरच्या सगळ्या हलतात. १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांचा दर ५०० च्या आसपास आला होता तो यामुळेच. अंतरं कमी धरली गेली, भागाकार फुगला.

आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं विशेषनाम. उन्हाळ्यात अंगणात खाट टाकली की डोक्यावर दिसतो तो पट्टा. सामान्यनाम म्हणून दीर्घिकाच ठेवा. संस्कृतात याचा अर्थ लांबट तळं किंवा विहीर, हे पोरांना सांगाल तर शब्द विसरणार नाहीत.

(पुसदहून) :
दर पटला, पण याच दराचं ‘हबल स्थिरांक’ हे नाव मले खटकते जी. स्थिर काऊन म्हणायचं, जर तो काळाप्रमाणे बदलते?

(मेहकरहून) :
भाऊ, स्थिर आहे तो जागेपुरता. आजच्या घडीला कोणत्याही दिशेला मोजा, तोच यायला हवा. काळाच्या हिशोबानं नाही, म्हणून तक्त्यावर ‘आजचा दर’ लिहिलं तर उत्तम.

खरी पंचाईत ‘हबल तणाव’ या शब्दाची आहे; दोन पद्धतींनी काढलेले दर जुळत नाहीत, त्याला हे नाव. वाचलं की वाटतं हबल साहेबांचा बीपी वाढला. सरळ ‘तफावत’ म्हणा. प्लँक उपग्रहानं विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून काढलेला दर ६७.४ (अधिक-उणे ०.५), तर ॲडम रीस यांच्या गटानं वर सांगितलेल्या पायऱ्यांनी २०२२ मध्ये काढलेला ७३.०४ (अधिक-उणे १.०४). दोन्हींच्या अधिक-उणेच्या मर्यादा एकमेकींना टेकतही नाहीत. वेंडी फ्रीडमन यांचा गट लाल राक्षसी तारे वापरून ७० च्या जवळ येतो. जेम्स वेब दुर्बिणीनं तेच रूपविकारी तारे अधिक स्पष्ट पाहिले, तरी रीस यांचा आकडा फारसा हलला नाही. म्हणून ‘चूक’ हा शब्द मात्र टाळा. चूक मोजणीत आहे की प्रसरणाविषयीच्या समजुतीत, याचा निकाल लागलेला नाही.