घोड्यांसाठी माळावर आणि काळीत कोणते गवत पेरावे? (मोहोळ, सोलापूर)

माळकरी_मोहोळ:
दोन एकर मुरमाड माळ आणि एक एकर मध्यम काळी जमीन आहे. विहीर जानेवारीपर्यंत टिकते. घोड्या तीन, शिंगरू एक. माळावर चराई करायची आणि काळीतले गवत कापून वाळवायचे, असा बेत आहे. दुकानात अंजन आणि संकरित नेपियर सुचवले. घोड्यांना चालेल का? बी किती लागेल, पेरायचे कसे?

पवन्या:
नेपियर नकोच, आणि नुसत्या अंजनावरही घोडी ठेवू नका. दोन्हींत ऑक्झलेट नावाचे क्षार जास्त असतात, ते वैरणीतले कॅल्शियम बांधून टाकतात. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू ते क्षार बरेचसे मोडतात, घोड्याला ती सोय नाही. मग शरीर हाडांतले कॅल्शियम ओढते. काही महिन्यांत जनावर आखडून चालते, कधी या पायाने तर कधी त्या पायाने लंगडते, तोंडाची हाडे फुगतात. शिंगराला आणि पाजणाऱ्या घोडीला धोका जास्त.

काळीत मारवेल गवत लावा. राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल ०६-४० हा वाण चांगला. मुळासकट ठोंब घ्या, पाला छाटा, ५० बाय ५० सेंमीवर लावा. एकरी १६,००० ठोंब लागतात.

माळावर पवना गवत आणि थोडा मारवेल, एकरी दोन-अडीच किलो बी. बी मागच्या हंगामातले घ्या, ताजे नीट उगवत नाही. सगळ्यात जास्त घात खोलीने होतो. पाभरीने बी दोन बोटे खाली गेले की अंकुर वर येतच नाही. चौपट ओलसर चाळलेल्या शेणखतात बी कालवा, कुळवाच्या उथळ काकरीत चिमटीने सोडा आणि वरून बाभळीची फांदी ओढा. वर मातीचा थर एक सेंटिमीटर, बस्स.

पहिल्या सरीला भुलू नका. जमीन वीतभर ओली झाली की वापशावर (माती ओलसर पण चिखल नाही, अशा वेळी) पेरा, नाहीतर पुढच्या उघडिपीत कोवळे रोप करपते.

गंजीवाला:
वरचे अगदी बरोबर. पहिल्या वर्षी माळावर घोडे सोडूच नका. घोडा वरच्या-खालच्या दोन्ही दातांनी बुडख्यापर्यंत कुरतडतो, कोवळे ठोंब उपटून येतात. गाजरगवत फुलायच्या आत उपटा.

गवत निम्मे फुलोऱ्यात असताना कापा, बुडखा १० ते १५ सेंमी ठेवा. माळावर कुसळी गवत असेल तर कुसळे धरायच्या आत कापलीच पाहिजे. ती हिरड्यांत, जिभेखाली रुततात, मग घोडी वैरण तोंडातून टाकते. आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस जास्त, म्हणून दोन-तीन दिवसांची उघडीप पाहूनच विळा घाला. पातळ पसरा, दिवसातून दोनदा उलटा. मूठभर गवत पिळल्यावर काडी कडकन तुटली तरच गंजी रचा. ओलसर रचले की आत तापते, बुरशी धरते आणि घोडे खोकू लागतात. जनावर भुकेले असले तरी बुरशीचे गवत घालू नका.

माळकरी_मोहोळ:
आभारी आहे. आणि ज्वारीचे काय? आमच्याकडे कडबा भरपूर असतो.

पवन्या:
नीट वाळलेला कडबा थोडाथोडा चालेल. हिरवी ज्वारी मात्र नाही, खोडव्याचे (कापलेल्या बुडख्यातून पुन्हा आलेले) फुटवे तर अजिबात नाही. त्यात सायनाइडचे विष असते, आणि घोड्याला आठवडे-महिने हिरवी ज्वारी चारली तर मागचे पाय लटपटतात, लघवी सतत गळते. कॅल्शियमसाठी विहिरीखाली चार-पाच गुंठे लसूणघास (हिरव्या चाऱ्याचे पीक) ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, गुंठ्याला पाव किलो बी पुरते.