ऊस ट्रॉल्यांवरचे लोरा नोड: बॅटरी दिवसात उतरते, पॉवर कमी करू का?

ट्रॉली३०: ऊसवाहतुकीच्या ३० ट्रॉल्या. ट्रॅक्टर बदलत राहतो, म्हणून नोडला (लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा कमी विजेवरचा रेडिओ, असलेला डबा) स्वतःचा सेल, २६०० एमएएच. ईएसपी३२ (कंट्रोलर चिप), एसएक्स१२७६ (लोरा रेडिओ चिप), ८६६ मेगाहर्ट्झ, एसएफ७ (लोराचा सर्वात वेगवान नेहमीचा वेग). गेटवे (सगळे मेसेज गोळा करणारा रेडिओ) कारखान्याच्या गेटवर. दर १० मिनिटांनी २० बाइटचा मेसेज ट्रॉलीमागून ट्रॉली पुढे सरकवायचा. राउटिंग एओडीव्ही (मार्ग शोधून जपणारी पद्धत), हॅलो (शेजाऱ्यांना 'मी आहे' सांगणारा मेसेज) दर सेकंदाला. दिवसात सेल उतरतो, मेसेजही गळतात. पाठवण्याची पॉवर २० डीबीएमवरून (रेडिओच्या ताकदीचं माप) खाली आणू का?

मिलिॲम्प: पॉवरला हात लावू नका. पाठवताना १२० मिलिॲम्पियर लागतात खरे, पण ५७ मिलिसेकंदांत काम संपतं. रिसीव्हर साडेअकरा मिलिॲम्पियरवर ०.६ सेकंद नुसता ऐकत बसला तरी तेवढाच चार्ज जातो. सेल खातंय ते ऐकणं. त्यात वाय-फाय चालू राहिलं असेल तर एकटा ईएसपी३२ शंभरच्या आसपास ओढतो. आधी ते बंद करा.

आणि वजनकाट्यावर सगळ्या ट्रॉल्या रांगेत आल्या की ३० हॅलोंना १.७ सेकंद लागतात. एका सेकंदात ते बसणार कुठे? मेसेज तिथेच गळतात.

अँटेना८६६: एओडीव्ही काढाच. गेट जागचं हलत नाही, मग मार्ग जपायचा कशाला? मेसेजमध्ये पाठवणाऱ्याचं स्थान घाला. ऐकणारी प्रत्येक ट्रॉली आपण गेटच्या किती मीटर जवळ आहोत ते काढेल. सर्वात जवळची लगेच पाठवेल, बाकीच्या २० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी थांबतील, जास्तीत जास्त ८ पायऱ्या. मागे असलेल्या गप्प. आपली पाळी येण्याआधी कॅड (कोणी पाठवतंय का याची क्षणभर चाचणी) करा. प्रीॲम्बल (मेसेजच्या आधीची सूचक खूण) दिसला तर मेसेज पूर्ण घ्या. मेसेजचा क्रमांक तोच निघाला तर आपला रद्द.

झोपेसाठी: दर २५० मिलिसेकंदांनी उठून एक कॅड, परत लाइट स्लीप (चिपची हलकी झोप). त्यासाठी प्रीॲम्बल ८ ऐवजी २७० सिंबॉल (लोराचा एकेक ठोका, इथे साधारण एक मिलिसेकंद) ठेवा. २५० सिंबॉलच्या खाली गेलात तर झोपलेला नोड हुकतो.

ट्रॉली३०: पुढे कोणीच नसेल तर?

अँटेना८६६: पाठवल्यावर ७०० मिलिसेकंद ऐका. आपलाच मेसेज पुढे जाताना ऐकू आला की तीच पोच. नाही आला तर दोनदा पुन्हा, मग जवळ ठेवून पुढच्या फेरीला.

मिलिॲम्प: स्थान देणारा जीपीएस विसरू नका, निओ-६एम (जीपीएस मॉड्यूल) सतत चालू ठेवला तर ४० मिलिॲम्पियर, रेडिओपेक्षा कितीतरी जास्त. ट्रॉली हलत असताना मिनिटाला एकदा उठवा, २० किलोमीटर वेगानं तेवढ्यात ३३३ मीटर होतात. बॅकअप पिनचा पुरवठा मात्र तोडू नका, नाहीतर प्रत्येक वेळी उपग्रह शोधण्यात अर्धा मिनिट जाईल.

अँटेना साट्याखाली नको. ओल्या उसाचा भार चढला की सिग्नल दबतो आणि रिकाम्या ट्रॉलीवर मोजलेला टप्पा भरलेलीला लागू पडत नाही. पुढच्या दांडीजवळ, मोकळ्या बाजूला, ८.६ सेंटिमीटरची तार उभी लावा.